वाक्य कुठून आलं? : खऱ्या माणसांवर ललित लिहिताना

घडलेली गोष्ट सांगायची, पण कथेच्या अंगाने: प्रसंग, संवाद, माणसं, ताण. व्यक्तिचित्र, रिपोर्ताज (घटनास्थळी जाऊन लिहिलेला वृत्तांत), आत्मकथन, प्रवासवर्णन ही सगळी याच घरातली भावंडं. कादंबरीकाराची जवळजवळ सगळी हत्यारं इथे चालतात. पदरचं घालणं तेवढं चालत नाही. नियम म्हणून हे सगळ्यांना मान्य असतं, तरी पदरचं पडतंच. ते फसवायच्या इच्छेने क्वचितच पडतं. वाक्याला तोल यावा, परिच्छेद नीट मिटावा, एवढ्यासाठी पडतं. ‘खिडकीबाहेर पावसाची रिपरिप चालू होती’ हे वाक्य हात आपसूक लिहून जातो.

यावरचा उपाय हिशेबाचा आहे. प्रत्येक वाक्याला ‘तू कुठून आलंस?’ असं विचारता आलं पाहिजे आणि उत्तर वहीत सापडलं पाहिजे. खालचं सगळं या एका सवयीभोवतीच फिरतं.

वही

दोन पानं समोरासमोर वापरा. उजव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं. डाव्या पानावर तुमची मतं, शंका, सुचलेल्या उपमा, पुढच्या भेटीचे प्रश्न. ही फाळणी केली नाही तर सहा महिन्यांनी वहीत ‘थकला होता’ असं सापडतं, आणि ते त्याने सांगितलं होतं की आपल्याला वाटलं होतं, हे कळायला मार्ग उरत नाही. खरं तर उजव्या पानावर ‘थकला होता’ लिहूच नये. ‘तीनदा जांभई, चहा तसाच गार’ असं लिहावं. थकवा वाचकाला दिसेल.

बोलणं टिपताना तीन खुणा ठरवून घ्या. शब्द न् शब्द मिळाला असेल तर दुहेरी अवतरणचिन्ह, जवळपास मिळाला असेल तर एकेरी, नुसता आशय असेल तर चिन्हच नाही. खूण त्याच क्षणी टाकायची. नंतर टाकलेल्या खुणेत आपली हौस मिसळते.

प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा आणि कोण कोण हजर होतं ते हवं. हे शेवटचं हमखास राहतं. बाईने एकटीने सांगितलेली हकिगत आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सांगितलेली हकिगत, हा पुरावा एकसारखा नसतो.

वही त्याच रात्री वाचायची, झोपण्याआधी. अर्धवट खरडलेलं वाक्य त्या दिवशी स्मरणातून पुरं होतं. दोन दिवसांनी ते कल्पनेतून पुरं होतं आणि फरक आपल्याला कळतही नाही.

रेकॉर्डर आणि प्रश्न

रेकॉर्डिंग सांगूनच करायचं, आणि समोरच्याचा होकार रेकॉर्डिंगमध्येच ऐकू आला पाहिजे. शक्य तर दोन उपकरणं चालू ठेवा. एक बंद पडतं ते नेमकं महत्त्वाच्या वेळी. हाताने उतरवून काढायला तासाभराच्या बोलण्याला चार ते सहा तास लागतात, तेवढे धरूनच वेळापत्रक आखा.

यंत्राकडून मजकूर उतरवून घेतला तर नावं, आकडे आणि ‘नाही’ या तीन गोष्टी कानांनी पुन्हा तपासायच्या. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि बोलणाऱ्याचा आवाज नेमका तिथेच खाली जातो. ‘मी सही केली नाही’चं कागदावर ‘मी सही केली’ व्हायला एवढंच पुरतं.

‘तुम्हाला कसं वाटलं?’ या प्रश्नाचं उत्तर लोकांकडे तयार असतं, बऱ्याचदा आधी दहा जणांना देऊन झालेलं. त्याऐवजी जागेचं विचारा. दार कोणत्या बाजूला होतं? उजेड कुठून येत होता? कोण बसलं होतं, कोण उभं? तुमच्या हातात काय होतं? खोलीचा नकाशा काढून द्यायला सांगा. माणूस रेघा ओढायला लागला की त्याला न विचारलेल्या गोष्टी आठवू लागतात. मग तीच हकिगत दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ऐका आणि काय टिकलं, काय हललं, ते डाव्या पानावर लिहा. हललं म्हणजे माणूस खोटारडा ठरत नाही. पण हललेला तपशील छातीठोक वाक्यात घालता येत नाही.

पढवणारे प्रश्न मात्र टाळा. ‘तेव्हा पाऊस होता ना?’ असं एकदा विचारलं की पुढच्या भेटीत त्यांच्या आठवणीत पाऊस पडू लागतो.

प्रसंग उभा करणं

आपण हजर नव्हतो असा प्रसंग लिहायचा झाला की खरी कसोटी. आधी एक तक्ता करा: तारीख, वेळ, काय घडलं, कोणाकडून कळलं, किती खात्री. मग प्रसंगाचा पहिला खर्डा लिहा आणि समासात प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर टाका. ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलेलं, ‘ऐ’ म्हणजे एकाकडून ऐकलेलं, ‘ऐऐ’ म्हणजे दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकलेलं, ‘का’ म्हणजे कागदात किंवा फोटोत असलेलं, ‘त’ म्हणजे आपला तर्क. समजा, खर्डा असा आहे:

त्या रात्री पाऊस कोसळत होता. दार वाजलं तेव्हा ती जागीच होती. भाऊ उंबऱ्यात ओलाचिंब उभा, हातात पिशवी. ‘जमीन गेली,’ तो म्हणाला. तिला वाटलं, आता संपलं सगळं.

आता अक्षरं टाकू. पाऊस: बहिणीने सांगितला, म्हणून ‘ऐ’. हवामानाच्या नोंदीत त्या तारखेला काहीच नाही, दुसऱ्या तारखेला मात्र आहे. पण बऱ्याच केंद्रांवर पाऊस एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मोजतात आणि आकडा दुसऱ्या दिवशीच्या नावावर चढतो, त्यामुळे रात्रीचा पाऊस पुढच्या तारखेखाली दिसणं स्वाभाविक आहे. म्हणजे पाऊस पक्का. ‘कोसळत’ मात्र नाही, कारण आकडा किरकोळ आहे. जागी होती: ‘ऐ’, दोन्ही भेटींत तेच. ओलाचिंब: दोघेही म्हणतात, ‘ऐऐ’. पिशवी: बहिणीला आठवते, भाऊ म्हणतो हात रिकामे होते. ‘जमीन गेली’: तिच्या तोंडून असं आलं, भावाच्या आठवणीत मात्र ‘गेली जमीन’. शेवटचं वाक्य? वहीत कुठेच नाही. ते लेखकाने घातलं, परिच्छेद मिटवायला. ‘त’सुद्धा नाही, नुसती हौस.

दुरुस्त खर्डा:

रात्री पाऊस होता. दार वाजलं तेव्हा ती जागीच होती. उंबऱ्यात भाऊ, कपडे भिजलेले. त्याच्या हातात पिशवी होती असं ती म्हणते; हात रिकामे होते असं तो. शब्द मात्र दोघांनाही तेच दोन आठवतात, क्रम तेवढा वेगळा. तिच्या आठवणीत ‘जमीन गेली’. त्याच्या आठवणीत ‘गेली जमीन’.

पहिल्यापेक्षा हा खर्डा जास्त धरून ठेवतो, आणि त्यात एकही गोष्ट पदरची नाही. आठवणी जुळल्या नाहीत की नवखा लेखक त्यातली एक निवडून दुसरी बुजवतो. न जुळणं तसंच ठेवून बघा. बऱ्याचदा प्रसंगाचा जीव तिथेच असतो.

शेवट ही सगळ्यात घसरडी जागा. अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटीचं खऱ्या हत्याकांडावरचं ‘इन कोल्ड ब्लड’ १९६६ मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यातलं सगळं खरं असल्याचा लेखकाचा दावा होता. पण पुस्तक ज्या कबरस्तानातल्या भेटीवर संपतं ती भेट घडलीच नव्हती. इतकी वर्षं झाली तरी त्या पुस्तकाच्या कारागिरीबद्दल बोलताना ही भेट टाळता येत नाही. घडलेल्या गोष्टीला शेवट सापडत नसेल तर आधीच थांबा, त्याच्या आधीच्या खऱ्या प्रसंगावर थांबा.

काळाचंही तसंच. तीन महिने गाळून पुढे जायला काहीच हरकत नाही, वाचकाला उडी दिसते. तीन भेटी मिळून एक भेट दाखवणं हे मात्र खोटं. क्रम उलटासुलटा करता येतो, पण कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे वाचकाला कळलं पाहिजे. नाहीतर कार्यकारणभाव आपणच बनवून बसतो. दोन-तीन माणसं वितळवून एक पात्र घडवण्याची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्यावी. असं पात्र कोणीच नसतं, त्यामुळे त्याची चूक कोणी दाखवूही शकत नाही.

मराठीच्या खाचाखोचा

परभाषेतली मार्गदर्शकं इथे उपयोगी पडत नाहीत, म्हणून हा भाग जरा सावकाश.

पहिली खाच आदराची. खर्ड्यात डॉक्टर ‘ते म्हणाले’ आणि वॉर्डबॉय ‘तो म्हणाला’ असं लिहून जातं, दोघंही पन्नाशीचे असताना. शिक्षिका ‘त्या’, भांडी घासणारी ‘ती’. कुणी ठरवून लिहीत नाही, म्हणूनच तपासावं लागतं. एक निकष पक्का करा. वय धरा, किंवा आपण प्रत्यक्ष बोलताना काय म्हणत होतो ते धरा, किंवा सगळ्यांना एकेरी. तिन्ही चालतील. धंद्यावरून ठरवणं चालणार नाही. मधूनच बदलायचं तर त्याला कारण हवं: लहानपणच्या प्रसंगात ‘तो’, आजच्या प्रसंगात ‘ते’, हे वाचकाला समजतं.

दुसरी खाच बोलीची. शेतमजुराचं बोलणं ‘व्हतं’, ‘न्हाई’ असं हुबेहूब आणि साहेबांचं बोलणं छापील प्रमाण भाषेत. वास्तविक साहेबही ‘आहे’ला ‘ए’ म्हणत असतात आणि निम्मी वाक्यं अर्धवट सोडतात. बोली ठेवायची तर सगळ्यांची ठेवा. किंवा उच्चार सगळ्यांचे सारखे करा आणि प्रत्येकाचे खास शब्द, वाक्यरचना, म्हणी तेवढ्या राखा. दुसरी वाट बहुधा बरी. उच्चारांचं लेखन वाचायला जड जातं आणि त्यात थोडं हसणं डोकावतं. मुलाखत दुसऱ्या भाषेत झाली असेल तर तेही एकदा सांगून टाका, म्हणजे अवतरणातले मराठी शब्द आपले आहेत हे वाचकाला कळतं.

तिसरी खाच ‘म्हणे’ची. ऐकीव गोष्ट दाखवायला हा शब्द फार सोयीचा वाटतो. पण ‘तो म्हणे त्या रात्री घरीच होता’ असं लिहिलं की माणूस खोटं बोलतोय असं सुचवून झालं. शंकेला पुरावा असेल तर तो पुरावा लिहा. नसेल तर ‘त्याच्या सांगण्यानुसार’, ‘तो सांगतो’. ‘असावा’ आणि ‘असणार’ यांतही अंतर आहे. तर्क कच्चा असेल तर पहिला, आधार भक्कम असेल तर दुसरा.

चौथी ‘-आयचा’ची. ‘ती पहाटे उठून विहिरीवर जायची’ हे वाक्य गोड आहे, पण ते सवय सांगतं. तिने एकाच पहाटेची हकिगत सांगितली असेल तर ‘एका पहाटे ती विहिरीवर गेली’ एवढंच आपल्या हातात आहे. एका घटनेची सवय करून टाकणं हे या लेखनप्रकारातलं सगळ्यात न पकडलं जाणारं खोटं असावं.

अवतरणं आणि मनातलं

अवतरणचिन्हाच्या आतलं जसंच्या तसं. ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’ असे अडखळे गाळता येतात. दोन वेगळ्या दिवसांची वाक्यं जोडून एक करता येत नाहीत. मधलं गाळलं तर टिंबं द्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मॅसन विरुद्ध न्यू यॉर्कर (एक अमेरिकन साप्ताहिक) या अब्रुनुकसानीच्या खटल्यात असं धरलं की अवतरणातले शब्द मुद्दाम बदलले, एवढ्यावरून लेखकाने जाणूनबुजून खोटं छापलं असं ठरत नाही. बदलामुळे वाक्याच्या अर्थामध्ये ठोस फरक पडला असेल तर मात्र ठरू शकतं. कायद्याला एवढं पुरत असेल. ज्याचं वाक्य आहे त्याला ते वाचताना पुरत नाही. शब्द नक्की आठवत नसतील तर चिन्हं काढा आणि आशय सांगा, वाक्य फारसं पडत नाही.

मनातला विचार लिहायचा तर त्या माणसानेच तो सांगितलेला हवा, आणि तेव्हाचा विचार की आजचा, हेही विचारून घेतलेलं हवं. माणसं आजचं शहाणपण तेव्हाच्या डोक्यात सहज घालतात. मेलेल्या माणसाच्या मनात शिरायला पत्र, रोजनिशी किंवा कुणाला बोललेलं वाक्य एवढीच दारं. ती नसतील तर बाहेरून लिहा. अमेरिकन पत्रकार जॉन हर्सीचं ‘हिरोशिमा’ १९४६ मध्ये आलं, बाँबमधून वाचलेल्या सहा जणांबद्दल. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ वाजता यातला प्रत्येकजण नेमकं काय करत होता, तिथून ते सुरू होतं. आवाज सपाट, विशेषणं कमी. तपशील एवढे भक्कम असले की गहिवर वाचकावर सोपवता येतो.

संमती

संमती एकदा घेऊन संपत नाही. पहिल्या भेटीत: मी लेखक आहे, हे छापणार आहे, कुठे छापणार आहे, नाव असेल, इंटरनेटवर वर्षानुवर्षं सापडत राहील. दुसऱ्यांदा, ओळख घट्ट झाल्यावर. कारण आता तो मित्राशी बोलतोय, लेखकाशी नाही. वही दिसेल अशी ठेवा आणि मधूनच आठवण द्या. तिसऱ्यांदा छापण्याआधी, सगळ्यात दुखऱ्या तपशिलावर बोट ठेवून: ‘हे येणार आहे.’ ‘छापू नका’ ही अट बोलण्याआधी ठरते. बोलून झाल्यावर मागितली तर हक्क म्हणून नव्हे, विनंती म्हणून ऐकायची. मात्र ज्याला माध्यमांची सवय नाही त्याला हा नियम लावणं क्रूरपणा आहे. मंत्र्याला लावा, मोलकरणीला नको.

लहान मुलं, नुकताच आघात झालेली माणसं, नोकरी किंवा छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर असलेली माणसं यांचा होकार कमजोर असतो. तिथे ‘यातून यांचं काय बिघडू शकतं?’ याचं उत्तर आपण स्वतः काढायचं.

खर्डा दाखवायचा का? अख्खा हातात देऊ नये. लोक वाक्यांवर नव्हे, स्वतःच्या प्रतिमेवर काम करू लागतात. त्यांच्याविषयीच्या वस्तुस्थितीच्या गोष्टी आणि त्यांची अवतरणं वाचून दाखवा. चूक निघाली तर दुरुस्त करायची. ‘वाईट दिसतंय’ म्हणाले तर ऐकून घ्यायचं, बदलायचं की नाही ते आपण ठरवायचं. जिवाला किंवा पोटाला धोका असेल तिथे मात्र त्यांचा शब्द शेवटचा. ज्याच्यावर आरोप येतो त्याला तो आरोप नेमक्या शब्दांत, उत्तराला पुरेसे दिवस देऊन कळवलाच पाहिजे. आदल्या रात्री केलेला फोन म्हणजे संधी नव्हे.

नाव बदलणं

नुसतं नाव बदलून कुणी लपत नाही. गाव, धंदा, वय आणि एक ठळक घटना या चौघींतल्या तिघी उरल्या तर शेजारीपाजारी दोन मिनिटांत ओळखतात. काय काय गाळायचं ते त्या माणसाबरोबर बसून ठरवा. धोका कुठून आहे हे त्यालाच ठाऊक असतं. शक्य तिथे बदलण्यापेक्षा गाळा: ‘एका कारखान्यात’ हे खरं राहतं, लोखंडाच्या कारखान्याचा कापडाचा केला तर तपशिलांची साखळी तुटते. आडनाव तर बदलूच नका, सोडून द्या; मराठी आडनावाबरोबर प्रदेश आणि जात येते, आणि नवं आडनाव दुसऱ्याच समाजाच्या माथी गोष्ट मारतं. जे बदललं ते सुरुवातीलाच एका ओळीत सांगा.

आत्मकथनातही हेच लागू. आठवण आपली असली तरी तिच्यातली माणसं आपल्या मालकीची नसतात. आठव्या वर्षीचा संवाद पानभर शब्दशः आठवत नसतो. एखाद-दुसरं वाक्य खरंच कानात असतं, तेवढंच अवतरणात ठेवा. स्वतःला नायक किंवा खलनायक करण्याचा मोह दोन्हीकडून असतो. अमेरिकन लेखक जेम्स फ्रायच्या २००३ मधल्या व्यसनमुक्तीच्या आठवणींत जवळपास तीन महिन्यांचा तुरुंगवास आहे. २००६ मध्ये नोंदी तपासल्यावर तो काही तासांचा निघाला. त्याने स्वतःला जास्त वाईट रंगवलं होतं.

छापण्याआधी आणि नंतर

शेवटचा खर्डा कागदावर छापा, दोन दिवस बाजूला ठेवा, मग पेन्सिल घेऊन प्रत्येक तपासता येण्याजोग्या शब्दाखाली रेघ ओढा. नावांचं शुद्धलेखन, वार आणि तारखेचा मेळ, अंतरं, वयांची वजाबाकी. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सगळ्यात मोठा’ यांच्याखाली दोन रेघा. नकारांखालीही दोन: ‘अंगणात एकही झाड नव्हतं’ असं लिहायला अंगण चारी बाजूंनी पाहिलेलं लागतं. उपमासुद्धा सोडू नका. ‘विहिरीएवढा खड्डा’ असेल तर खड्डा किती फुटांचा होता? तपासताना स्मरणाला विचारू नका, वही, रेकॉर्डिंग किंवा कागद उघडा. रेघ ओढलेल्या ज्या शब्दाला आधार मिळत नाही तो काढा. तो काढल्यावर परिच्छेद कोसळला तर परिच्छेदच त्यावर उभा होता, पुन्हा माणसांकडे जावं लागेल.

छापून आल्यावर चूक दाखवली गेली तर गुपचूप बदलू नका. काय चुकलं होतं, काय केलं आणि कोणत्या तारखेला, हे मजकुराखालीच लिहा. वह्या आणि रेकॉर्डिंग काही वर्षं तरी जपून ठेवा, दोन ठिकाणी. ज्यांना नाव लपवण्याचा शब्द दिला त्यांची खरी नावं मात्र त्यात नकोत. ती वेगळ्या कागदावर, वेगळ्या जागी.